चार बाजू, ८० वर्षं : मँचेस्टरचं मेन रोड मैदान

परभणीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलानं विचारलं आहे : "मी रात्री जागून मँचेस्टर सिटीचे सामने बघतो. त्यांच्या जुन्या मेन रोड मैदानात एका सामन्याला ८४ हजार लोक बसले होते असं वाचलं. मग शेवटी शेवटी तिथं ३५ हजारच कसे काय मावायचे? आणि एवढं मैदान पाडण्यापेक्षा दुरुस्त का नाही केलं?"

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ते ८४ हजार लोक तिथं बसले नव्हते. त्यातले बहुतेक उभे होते, आणि तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मी मराठवाड्यात बरीच वर्षं मैदानं आणि प्रेक्षक गॅलऱ्या बांधण्याच्या कामात आहे. त्यामुळे मेन रोडचा इतिहास मला खेळाडूंपेक्षा माती, पायऱ्या आणि गर्दी यांच्या बाजूनं जास्त जवळचा वाटतो. त्याच बाजूनं सांगतो.

सिटीचं आधीचं मैदान हाइड रोडचं. १८८७ पासून क्लब तिथं खेळत होता. रेल्वेचे रूळ, कारखाने आणि घरं यांच्या बेचक्यात अडकलेली ती जागा. नोव्हेंबर १९२० मध्ये तिथला मुख्य स्टँड जळाला. लाकडी स्टँडमध्ये कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक हे आगीचं कारण सांगितलं जातं. स्टँड लाकडाचा, खाली साचलेला कचरा, आणि वर ओढत बसलेले लोक. त्या काळी इंग्लंडमधली बहुतेक मैदानं अशीच होती. आगीनंतर क्लबनं तात्पुरती डागडुजी करून दिवस काढले, पण वाढायला जागा नव्हती. म्हणून शहराच्या दक्षिणेला, मॉस साइड भागात, १६ एकरांच्या आसपास जमीन घेतली. ती जुन्या वीटभट्ट्यांची जमीन होती. विटांसाठी चिकणमाती काढून काढून तिथं खड्डे पडलेले होते.

ही गोष्ट पुस्तकांत एका ओळीत येते. मला ती फार महत्त्वाची वाटते. खड्डा आयता मिळाला की मैदान जमिनीच्या पातळीखाली बसवता येतं, काढलेली माती कडेला रचून तिच्या उतारावर पायऱ्या ओतता येतात, आणि उंच सांगाडा न उभारता हजारो माणसांची सोय होते. खर्च वाचतो, काम झपाट्यानं होतं. आर्किटेक्ट चार्ल्स स्वेन यांच्या आराखड्यावर साधारण एका वर्षात हे मैदान उभं राहिलं त्यामागं हेच कारण. खर्च सुमारे १ लाख पौंड. त्या काळात ही रक्कम मोठी होती, पण त्या रकमेत मिळालेली क्षमता त्याहून मोठी होती.

खोलगट मैदानाची दुसरी बाजूही असते. चारही उतारांचं पाणी मधोमध येतं आणि खाली चिकणमाती असेल तर ते मुरत नाही. आपल्या काळ्या मातीत काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. मँचेस्टरचा वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास असतो. मराठवाड्याची सरासरीही ७०० ते ८०० च्या घरातच आहे. ही जवळीक ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पण तिथं तो बाराही महिने रिमझिमतो आणि आपल्याकडे चार महिन्यांत, कधी कधी दोन-चार दिवसांतच, कोसळून जातो. त्यामुळे त्यांची अडचण म्हणजे कायम ओलसर राहणारी, खेळाडूंच्या पायांखाली चिखल होणारी जमीन. आपली अडचण म्हणजे पावसाळ्यात फुगणारी आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन. आपण काळी माती खोदून बाहेर काढतो, मुरमाचे थर टाकून पाणी मारत रोलरनं दबाई करतो, मधल्या मुख्य चराला तिरके पोटचर जोडतो, त्यात खडी भरतो, मग वरची माती आणि गवत. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे : मैदान आधी जमिनीखाली बांधायचं, मग जमिनीवर. उद्घाटनाच्या घाईत आपल्याकडे बहुतेक वेळा जमिनीखालचंच काम कापलं जातं, आणि हे बघून मला आजही वाईट वाटतं.

२५ ऑगस्ट १९२३ ला मेन रोडवर पहिला सामना झाला. शेफील्ड युनायटेडविरुद्ध सिटीनं तो २-१ असा जिंकला. पहिला गोल हॉरेस बार्न्स यांचा. मैदानाची रचना लक्षात घे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. एका लांब बाजूला सुमारे १० हजार आसनांचा छपराचा मुख्य स्टँड, आणि उरलेल्या तीन बाजूंना उघड्यावरच्या पायऱ्या. मूळ कल्पना याहून भव्य होती. पैसे येतील तशा बाकीच्या बाजू वाढवायच्या आणि झाकायच्या असं ठरलं होतं. ते संपूर्ण चित्र मात्र कधीच पूर्ण झालं नाही. १९३१ मध्ये एका कोपऱ्यावर छप्पर आलं, १९३५ मध्ये प्लॅट लेनच्या बाजूच्या पायऱ्या वाढल्या आणि झाकल्या गेल्या. प्रत्येक वेळी एक बाजू, वेगळा आराखडा, वेगळी उंची.

आता ती प्रसिद्ध गर्दी. ३ मार्च १९३४, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची सहावी फेरी, समोर स्टोक सिटी, त्यांच्याकडून तरुण स्टॅनली मॅथ्यूज खेळत होते. सिटीनं १-० नं सामना काढला आणि पुढे त्या वर्षीचा कपही जिंकला. त्या दिवशी मैदानात ८४,५६९ लोक होते. इंग्लंडमध्ये कुठल्याही क्लबच्या घरच्या मैदानावरची ही सर्वांत मोठी गर्दी म्हणून ८२ वर्षं टिकली. २०१६ मध्ये टॉटनहॅम या लंडनच्या क्लबनं तिथलं वेम्बली हे राष्ट्रीय स्टेडियम तात्पुरतं घर केलं तेव्हा तो आकडा मागं पडला. क्लबनं स्वतः बांधलेल्या मैदानाचा विचार केला तर मेन रोडच आजही पुढे आहे.

हा आकडा कसा शक्य झाला ते कागदावर मांडून बघ. पायऱ्यांवर उभं राहणाऱ्यांसाठी ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शिकेतली आजची कमाल घनता १० चौरस मीटरला ४७ माणसं अशी आहे. तीही पायऱ्या, कठडे, बाहेर जायचे रस्ते सगळं उत्तम असेल तरच. बसायचं म्हटलं तर एका माणसाला साधारण ५० सेंटिमीटर रुंदी आणि ८० सेंटिमीटर खोली द्यावी लागते, म्हणजे त्याच १० चौरस मीटरमध्ये २५. १९३४ च्या गर्दीतले १० हजार बसलेले सोडले तर उरतात ७४ हजारांवर. आजच्या हिशेबानं त्यांना उभं करायला जवळपास चार एकर नुसत्या पायऱ्या हव्यात. बसवायला सात एकरांहून जास्त. यात जिने, दरवाजे, स्वच्छतागृहं धरलेली नाहीत, आणि खेळायचं मैदान वेगळे दोन एकर खातं. एवढं एकदा मांडलंस की ८४ हजारांचे ३५ हजार कसे झाले याचं कोडं उरत नाही.

त्या गर्दीत उभं राहणं म्हणजे काय, हे पैठणला नाथषष्ठीच्या दिवशी नाथांच्या वाड्याकडे जाणाऱ्या गल्लीत सापडलेल्या माणसाला कळेल : आपण चालत नसतो, गर्दी आपल्याला नेत असते. फरक एवढाच की इथं पायाखाली उतार असतो. वरच्या रांगेतला धक्का खाली येईपर्यंत वाढत जातो आणि तो अडवायला मध्ये लोखंडी कठडे नसले, किंवा चुकीच्या जागी असले, तर खालच्या माणसाची छाती दबते. मेन रोड उघडलं त्याच वर्षी, एप्रिल १९२३ मध्ये, वेम्बलीवरच्या एफए कपच्या पहिल्या अंतिम सामन्यात प्रचंड गर्दी थेट मैदानात उतरली होती. तेव्हा निभावलं. मार्च १९४६ मध्ये मँचेस्टरजवळच्या बोल्टनला बर्नडेन पार्कवर निभावलं नाही. ३३ माणसं चेंगरून मेली. त्यांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा सामना मेन रोडवर खेळवला गेला.

महायुद्धानं या मैदानाला आणखी एक काम दिलं. मार्च १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झालं आणि १९४९ पर्यंत युनायटेडचे घरचे सामनेही मेन रोडवरच झाले. जानेवारी १९४८ मध्ये युनायटेड विरुद्ध आर्सेनल या लीग सामन्याला तिथं ८० हजारांहून जास्त लोक आले. तो लीगमधल्या गर्दीचा विक्रम ठरला, आणि तो सिटीच्या अंगणात शेजाऱ्यांच्या नावावर आहे. पुढे १९५३ मध्ये मेन रोडवर प्रकाशझोताचे दिवे लागले. युनायटेडकडे ते नव्हते, म्हणून सप्टेंबर १९५६ मध्ये युरोपियन कपचा (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा) घरचा पहिला सामनाही ते मेन रोडवरच खेळले आणि बेल्जियमच्या अँडरलेख्ट क्लबला १०-० नं हरवलं.

१९५६ हे साल आलंच आहे तर थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या घरचं आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी आपला फुटबॉल हैदराबादच्या फुटबॉलला जोडलेला होता, आणि तो देशातला अव्वल फुटबॉल होता. हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षक. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. संभाजीनगरच्या आमखास मैदानावर आजही पोरं फुटबॉल खेळतात तेव्हा मला ही परंपरा आठवते. आपल्याकडे खेळ होता, खेळाडू होते. त्या खेळाला त्याच्या तोलाची मैदानं आपण दिली नाहीत, हे मी या क्षेत्रातला माणूस म्हणून म्हणतो.

मेन रोडचा आत्मा म्हणून लोक ज्या बाजूचं नाव घेतात ती किपॅक्स. मुख्य स्टँडच्या समोरची ही पूर्ण लांबीची उभ्याची बाजू. १९५५ आणि १९५६ मध्ये सिटी लागोपाठ दोन वेळा कपच्या अंतिम फेरीत गेली. मूळचा जर्मन गोलरक्षक बर्ट ट्राउटमान मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत खेळला, तो १९५६ चाच अंतिम सामना. त्या यशानंतर १९५७ मध्ये किपॅक्सवर छप्पर आलं. छप्पर आल्यावर आवाज घुमू लागला आणि घोषणा देणारी, गाणारी मंडळी तिथं गोळा झाली. इंग्लंडमध्ये असे प्रेक्षक बहुधा गोलच्या मागं असतात, इथं ते मैदानाच्या लांब बाजूला होते. म्हणजे चेंडू कुठंही असला तरी आवाज सोबत धावायचा. छप्पर आवाजाचं काय करतं हे आपल्याकडे इस्टिमेट करताना कुणी विचारात घेत नाही. ऊन-पावसासाठी पत्रे टाकायचे एवढाच हिशेब असतो.

१९६३ मध्ये प्लॅट लेनच्या बाजूला बाकं आली. १९७१ मध्ये उत्तरेची बाजू नव्यानं बांधली. १९८२ मध्ये मुख्य स्टँडचं छप्पर बदललं. पुन्हा तेच : एका वेळी एक बाजू.

मग देशभरातल्या दुर्घटनांनी हिशेबच बदलून टाकला. जानेवारी १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातून बाहेर पडताना जिन्यावर ६६ माणसं मेली, त्यातून १९७५ चा क्रीडा मैदान सुरक्षा कायदा आला. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डला लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण गेले. हाइड रोडवर १९२० मध्ये जे रिकाम्या स्टँडचं झालं ते तिथं भरलेल्या स्टँडचं झालं. आणि १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरोवर, कुंपणानं बंद केलेल्या पायऱ्यांवर, लिव्हरपूलचे चाहते चिरडले गेले. त्या दुर्घटनेच्या बळींची संख्या आज ९७ आहे. न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला आणि त्यानुसार वरच्या दोन विभागांतल्या मैदानांना ऑगस्ट १९९४ पर्यंत सगळ्यांना आसनं देणं भाग पडलं. कुणाला जुन्या उभ्याच्या पायऱ्यांची कितीही ओढ असो, हा निर्णय माणसं मेल्यावर आला आहे हे विसरून चालणार नाही.

एप्रिल १९९४ च्या अखेरीस चेल्सीविरुद्धच्या सामन्यात लोक किपॅक्सवर शेवटचे उभे राहिले. ती बाजू पाडून तिथं १९९५ मध्ये सुमारे १० हजार आसनांचा उंच नवा स्टँड आला. खर्च १ कोटी १० लाख पौंडांच्या घरात. पण बाकीच्या तीन बाजू त्याच्या मापाच्या नव्हत्या. आता मैदानात उभं राहून चारी दिशांना बघितलं तर चार वेगवेगळ्या काळातल्या चार इमारती दिसायच्या. उंची वेगळी, पायऱ्यांचा चढ वेगळा, कोपरे न जुळणारे. सगळी मिळून क्षमता ३५ हजारांच्या थोडी वर.

इथं तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. दुरुस्ती करून क्षमता ४५ हजारांवर न्यायच्या योजना झाल्या होत्या. पण भोवती मॉस साइडची चिकटून बांधलेली घरं आणि अरुंद गल्ल्या. स्टँड उंच करायचा तर पाया बाहेर सरकतो, जिने आणि दरवाजे वाढतात, बाहेर पडलेल्या माणसांना थांबायला मोकळी जागा लागते. ती नव्हतीच. मुख्य स्टँडचा सांगाडा अजून १९२३ चा. एक बाजू सुधारली की दुसरी अपुरी पडायची. शिवाय क्लबची अवस्था बिकट : १९९६ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली, १९९८ मध्ये तिसऱ्या विभागात. आणि त्या तिसऱ्या विभागातही घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजार लोक येत राहिले. मैदानावरचं प्रेम कमी पडलं म्हणून मेन रोड गेलं, असं कुणी म्हणत असेल तर हा आकडा त्याला दाखव.

दरम्यान मँचेस्टर महापालिकेनं २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी शहराच्या पूर्वेला नवं स्टेडियम बांधलं. स्पर्धा दहा-बारा दिवसांच्या, स्टेडियम पुढच्या पन्नास वर्षांचं. त्यात नंतर काय करायचं हे महापालिकेनं आधीच ठरवलं, हे मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. स्पर्धा संपताच धावपट्टी काढली, मैदान खोदून खाली नेलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत खालच्या रांगा आल्या. ३८ हजारांची सोय ४८ हजारांवर गेली आणि प्रेक्षक चेंडूच्या जवळ आले. सिटीनं मेन रोड महापालिकेला दिलं आणि नव्या मैदानाचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा घेतला. भाडं ठरवताना मेन रोडची क्षमता हीच रेघ धरली : तिच्यावर जेवढी तिकिटं विकली जातील त्यातला हिस्सा महापालिकेचा. खेळाचं मैदान आणि नगरपालिका यांच्यात इतका सरळ करार मी दुसरा पाहिलेला नाही.

११ मे २००३ ला साउदॅम्प्टनविरुद्ध मेन रोडवरचा शेवटचा सामना झाला आणि सिटी ०-१ नं हरली. म्हणून या मैदानावरचा सिटीचा शेवटचा गोल त्याआधीचा, २१ एप्रिलला संडरलंडविरुद्ध कॅमेरूनच्या मार्क-विव्हियन फोए यानं केलेला. दोन महिन्यांनी, २६ जूनला, देशाकडून खेळताना फ्रान्समधल्या लिऑनच्या मैदानावर तो कोसळला आणि गेला. वय अवघं २८. क्लबनं त्याचा २३ क्रमांक पुन्हा कुणाला दिला नाही.

त्या उन्हाळ्यात खुर्च्या, पाट्या, दरवाजे असं सगळं लिलावात गेलं, मग पाडकाम सुरू झालं आणि पुढे त्या जागी घरं उभी राहिली. पाडलेल्यात १९९५ चा किपॅक्स स्टँडही होता. आठ वर्षांचा. काँक्रीटच्या बांधकामाचं आयुष्य आपण किमान ५० वर्षं धरतो. त्या स्टँडच्या बांधकामात दोष नव्हता. तो एकटा बांधला गेला, एवढाच त्याचा दोष. १९९० मध्ये मुदत डोक्यावर असताना क्लबनं चारही बाजू आणि भोवतालच्या गल्ल्या एका कागदावर मांडल्या असत्या तर एकतर तो पैसा तिथं गेला नसता किंवा मैदान वाचलं असतं. माझं मत पहिल्याच बाजूनं आहे : मॉस साइडमध्ये मैदान वाचवणं कठीण होतं, आणि स्थलांतर योग्यच झालं.

तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी जवळचं जिल्हा स्टेडियम घे. टेप घेऊन गॅलरीच्या पायरीची उंची आणि खोली मोज, दोन जिन्यांमधलं अंतर मोज, दरवाज्यांची रुंदी मोज आणि ते कुठल्या बाजूला उघडतात ते लिही. फलकावर लिहिलेली क्षमता वरच्या हिशेबानं खरी आहे का ते काढ. बसलेल्या माणसाची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या ९ ते १२ सेंटिमीटर वरून जायला हवी. ४०० मीटरच्या धावपट्टीपलीकडची जवळची साइडलाइन शेवटच्या रांगेतून दिसते का, तेही छेद काढून तपास. पावसाळ्यात एकदा जोराची सर झाल्यावर जाऊन पाणी कुठं थांबतं त्याचे फोटो घे. आणि चारही बाजूंचा एकच नकाशा काढ, एका बाजूचा नको.